डिकीवरची फळी

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या एका घरापुढे मित्सुबिशीची जुनी लान्सर गाडी उभी असते. त्या घरच्या पोरानं हौसेनं तिच्या डिकीवर भलंमोठं स्पॉयलर बसवून घेतलंय. ‘अरे, ही फळी कशाला?’ आजी विचारतात. ‘आजी, इव्होला असंच असतं.’ आजींना ते काही पटत नाही. त्या तिच्यावर खुशाल पायपुसणी वाळत घालतात.

खऱ्या इव्होच्या, म्हणजे लान्सर इव्होल्यूशनच्या, फळीला काम असतं: वेगात वाऱ्याच्या जोरानं गाडीचा मागचा भाग रस्त्याला दाबून धरायचा. पण मला भुरळ पडते ती या गाडीच्या जन्मकथेची. ग्रुप ए रॅलीत, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवरून बनवलेल्या गाड्यांच्या खडतर रस्त्यांवरच्या शर्यतीत, गाडी उतरवायची, तर तिचे हजारो नमुने बनवून गिऱ्हाइकांना विकायलाच हवेत, असा नियम होता. म्हणून १९९२ साली मित्सुबिशीनं चार दारांच्या साध्यासुध्या घरगुती गाडीत दोन लिटरचं टर्बो इंजिन घातलं, चारही चाकांना ताकद दिली आणि ती चक्क शोरूममध्ये मांडली. शर्यतीच्या नियमानं संसारी माणसाचं एवढं भलं क्वचितच केलं असेल!

टर्बोची युक्ती तर अस्सल काटकसरी घरातली. बाहेर टाकायच्या धुरानं एक चक्र फिरवायचं आणि त्याच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. कोंबलेली हवा तापते. ती निववायला बंपरच्या जाळीमागे इंटरकूलर. वाकून पाहिलं तर ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांत मेलेले किडे अडकलेले दिसतात. जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून कागदावर मात्र २८० अश्वशक्तीच्या वर जायचं नाही असं धोरण ठेवलं होतं. आत किती, ते चालवणाऱ्याला ठाऊक.

सुबारूची इम्प्रेझा ही तिची जन्माची वैरीण. १९९५ मध्ये कॉलिन मॅक्रे इम्प्रेझात रॅलीचा जगज्जेता झाला, तर १९९६ ते १९९९ सलग चार वर्षं टॉमी मॅकिनेननं लान्सरमधून किताब नेला. हिशेब मिटला म्हणावं, तर पोरं अजून भांडतात.

पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे खरा, पण तिथं हिचं काय काम? हिला खडी, चिखल, वळणं हवीत. माझ्या हाती आली तर मी पावसाळ्यात भेरूघाटातून ओंकारेश्वरला नेईन. फक्त मागे कोणाला बसवायचं ते आधी ठरवावं लागेल. ‘हळू रे, हळू’ म्हणणारे आमच्या घरात फार.