तुम्ही विचारलंत म्हणून: एका उत्तराला चार दिवस का?

"आता एआय आहे ना, मग एका प्रश्नाच्या उत्तराला चार दिवस कशाला?" घरच्यांपासून वकिलांपर्यंत सगळे मला हे विचारतात. आश्रय मागणाऱ्यांच्या मूळ देशांची माहिती काढणं हा माझा धंदा. अर्जदार खरं बोलतो की खोटं, हे मी ठरवत नाही. तो सांगतो त्या काळात त्याच्या जिल्ह्यात काय चालू होतं, एवढंच मांडते. १९५१च्या निर्वासित कराराप्रमाणे त्याची भीती साधार आहे का, हे तोलणारा अधिकारी माझा कागद वाचतो.

शोधायला अर्धा दिवस पुरतो. बाकीचे जातात माग काढण्यात. मागे एका खंडणीच्या प्रकाराबद्दल एआयने सांगितलं, 'अनेक स्रोतांचा दुजोरा आहे.' त्याने दिलेले स्रोत पाच. त्यांतल्या चारांचं असं: एकाची तळटीप दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे, आणि सगळ्यांच्या मुळाशी एका स्थानिक वार्ताहराची एकच बातमी. याला आम्ही 'राउंड-ट्रिपिंग' म्हणतो. माणसंही ते सर्रास करतात. पाचवा अहवाल मात्र एआयने स्वतःच रचलेला होता. म्हणजे तो कुणी लिहिलेलाच नव्हता.

तारखांचं तर विचारू नका. अफगाणिस्तानातल्या एका फर्मानाचा फोटो, तळाशी 'असद १४००'. भाषांतरात आलं १९८०. यंत्राने चांद्र हिजरी सन धरला होता. पण असद हा तिथल्या सौर पंचांगातला महिना, म्हणजे २०२१चे जुलै-ऑगस्ट. तालिबानने काबूल घेतलं ते याच महिन्यात. चूक एक्केचाळीस वर्षांची, आणि वाक्य मात्र कसं सफाईदार!

तरी वापरते. दारी या अफगाणी भाषेतला लांबलचक अहवाल आधी चाळायला, एकाच गावाच्या नावाची पाच स्पेलिंगं काढायला ते झकास आहे. अर्जदाराची हकिगत मात्र त्यात कधीच टाकत नाही. नाव खोडलं तरी गाव, नोकरी आणि अटकेची तारीख जुळवली की माणूस ओळखू येतो, आणि त्याचे आईवडील अजून तिथेच राहत असतात.

सगळ्यात जास्त वेळ खातं 'काही सापडलं नाही' हे वाक्य. एआय त्याचं बेधडक 'असे प्रकार घडत नाहीत' करून टाकतं. अहो, जिथे पत्रकारच पोचत नाही तिथली बातमी येणार कुठून? म्हणून मी लिहिते: इकोई डॉट नेटवर (मूळ देशांच्या माहितीचं संकेतस्थळ) आणि आणखी कुठे शोधलं, कुठल्या भाषांत, कुठले शब्द घालून, कुठल्या तारखेपर्यंत; आणि न सापडणं म्हणजे न घडणं नव्हे. गेल्या खेपेला या एका परिच्छेदाने माझी अख्खी दुपार घेतली. वकीलबाईंनी आधी तोच वाचला.