तिसऱ्या हाकेला

भयपटाची पहिली दोन मिनिटं करून आणा म्हटलं की दरवर्षी तेच येतं. आपोआप हलणारा झोपाळा, उघड्या डोळ्यांची बाहुली, पांढरी साडी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी मास मीडियाच्या मुलांना ध्वनी आणि संकलन शिकवतो. गेल्या वर्षी या तिन्हींवर आधीच बंदी घातली आणि पहिला आठवडा कॅमेऱ्याला हातच लावू दिला नाही. आधी बघा, मग घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारा, म्हटलं.

बघण्यात पोरं पटाईत. ‘हॅलोवीन’ची (१९७८) सुरुवात त्यांनी किती वेळा मागेपुढे केली असेल कोण जाणे. खुनी दिसतच नाही, आपण त्याच्याच डोळ्यांनी घरात शिरतो, आणि मुखवटा निघतो तेव्हा समोर सहा वर्षांचं पोर. झालं, सगळ्या गटांना कॅमेराच खुनी करायचा होता.

खरा माल विचारण्यातून आला. पिंपळावरचा मुंजा, पाण्यातला गिऱ्हा, आणि एका मुलीच्या आजीकडून चकवा. माणूस रोजच्या वाटेने निघतो, रात्रभर चालतो आणि फिरून त्याच जागी येतो. शिवाय रात्री कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही, हेही आजींनी बजावलं होतं. त्या गटाने दोन मिनिटांत एवढंच घेतलं: मुलगा घरी निघालाय, जांभ्या दगडाच्या एकाच गडग्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या भिंतीपाशी, तीनदा येतो, दर वेळी लांबून बाईची हाक. पाठलाग करणारा कॅमेरा त्यातही होताच. म्हटलं, अरे, चकव्यात मागे कुणी नसतंच. कॅमेरा गडग्यासमोर रोवा, पोरगा येऊ दे नि जाऊ दे.

शूटिंग आजींच्या गावात. पहिले दोन तास वाया गेले. पडवीतल्या ट्यूबखाली घेतलेल्या शॉटमध्ये काळे पट्टे सरकत होते, कारण मोबाईल सेकंदाला तीस फ्रेमवर नि शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब तिच्या तालावर लुकलुकते, शटर त्या तालाशी जुळायला हवं. पंचवीस फ्रेम नि पन्नासचं शटर ठेवा, हे मी वर्गात चारदा सांगितलंय. ‘सर, राहू दे ना, भीतिदायक वाटतंय.’ बिघडलेल्या ट्यूबला कोकणात कोण घाबरतं? पुन्हा काढायला लावलं.

हाकेचं रेकॉर्डिंग दिवेलागणीला. मी पोरांना ‘महल’ची (१९४९) गोष्ट सांगितलेली. त्यातल्या गाण्यात आवाज लांबून जवळ यायला हवा होता, म्हणून माईक खोलीच्या मधोमध ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात माईककडे चालत आल्या. असं स्वतः लताबाईंनीच सांगितलंय. आवाज नंतर लहानमोठा करून ते अंतर येत नाही. लांबच्या आवाजात भिंती असतात, हवा असते.

पण आजींचे गुडघे गेलेले. मग उलटं केलं: आजी पायरीवर बसल्या आणि बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माईक, धरलेला मुलगा वाड्याच्या टोकापासून त्यांच्याकडे चालत येणार. चपला काढायला लावल्या. सारवलेल्या अंगणात अनवाणी पावलं वाजत नाहीत.

‘आजी, हिरोचं नाव घेऊन हाक मारा.’

‘नाय हो मास्तर,’ आजींनी पदर सावरला. ‘दिवेलागणीला माणसाचं नाव घेऊन हाक नाय मारायची. कोण ऐकत असेल, काय सांगावं?’

नात म्हणाली, आजी, सिनेमा आहे गं. आजी ढिम्म. दहा मिनिटं अशीच गेली. मग आपणच म्हणाल्या, ‘तांबूला मारते. ती गेली, तिला आता काय होतंय?’ तांबू म्हणजे त्यांची गाय, चार वर्षांपूर्वी गेलेली.

‘तांबूऽऽ’

गुरं परतायच्या वेळची ती हाक. शेवटचा ऊ वर चढतो आणि तिथेच लोंबकळत राहतो. रेकॉर्डरवर बसलेल्या पोराने हेडफोनवर दोन्ही हात दाबले. नात खाली बघत होती. दुसरी हाक. बूमवाला अंगणाच्या मध्यावर. रातकिड्यांशिवाय काही नाही. तिसरी हाक संपली, तो पायरीशी पोचला. पाठोपाठ रूम टोन, म्हणजे त्या जागेची नुसती शांतता, घ्यायचा होता; तीस सेकंद कुणी हलायचं नाही. मी बोटं मोजत होतो.

विसाव्या सेकंदाच्या आसपास गडग्यापलीकडून गाय हंबरली. एकदाच, लांब.

हेडफोनवाला ताडकन उठला. बूम खाली आला, टेक गेला. कुणीतरी फिस्सकन हसलं, पण ते हसू काही पुढे गेलं नाही. शेजाऱ्यांकडे गाय असणारच, हे मलाही कळत होतं. तरी विचारायला कुणी गेलं नाही, मीसुद्धा नाही.

आजी पायरीचा आधार घेत उठल्या. ‘शिकवलेलं विसरली नाय,’ म्हणाल्या. ‘तिसऱ्या हाकेलाच ओ दिलीन.’ आणि चहा ठेवायला आत गेल्या.