फॉर्म टाइपच करा, पण स्वतः करा

भाचीला बारावीनंतर अमेरिकेत ॲप्लाय करायचंय. परवा विचारत होती, "मामा, निबंध हाताने लिहून स्कॅन करून टाकला तर चालते का? माझं अक्षर चांगलं आहे ना." कॉमन ॲपमध्ये, म्हणजे एकाच अर्जावर अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत ॲप्लाय करता येते त्या फॉर्ममध्ये, तो प्रश्नच येत नाही, बॉक्स असतो, 250 ते 650 शब्द, टाइपच करावं लागते. 1975 मध्ये 15 कॉलेजांनी मिळून तो एक कागदी फॉर्म चालू केला होता, तेव्हा कोणी पेनानं भरायचं कोणी टाइपरायटरवर, 1998 पासून तो ऑनलाइन आहे. आणि हे बरंच झालं असं मला मनापासून वाटते. ज्या पोराचं अक्षर लागतच नाही त्याचंही म्हणणं वाचणाऱ्यापर्यंत तेवढंच स्वच्छ पोचते.

पण कच्चं मात्र वहीतच लिही म्हटलं. लॅपटॉपवर तिनं जे लिहिलं होतं ते "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड" या थाटाचं, पहिलीच ओळ पुन्हापुन्हा खोडून राहिली होती. वहीत खोडलं तरी दिसतं, त्यामुळं माणूस पुढं जातो, आणि तिथं तिनं मे महिन्यात आजोबांसोबत कूलरची मोटर खोलली त्याबद्दल लिहिलं, वाळ्याच्या ताट्या, पाण्यातला क्षार, जाम झालेला पंप, सगळं. ते वाचून मला खरंच भरून आलं. हे तिचंच आहे, दुसरं कोणी लिहूच शकत नाही.

आता आपल्याकडचं. अकरावीचे प्रवेश 2025 पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन आहेत, नागपुरात तर त्याच्या आधीपासूनच, आणि इंजिनिअरिंगचं कॅप राउंडचं, म्हणजे सरकारी एकत्रित प्रवेश फेऱ्यांचं, पण ऑनलाइनच. इथं मला काळजी वाटते ती वेगळीच. हाताने फॉर्म भरायचे तेव्हा पोरगं स्वतः भरायचं, बाजूला बाबा नाहीतर ताई बसलेली. आता जूनमध्ये बर्डीवर, धरमपेठेत कोणत्याही नेट कॅफेत जा, कॅफेवाला टाइप करून राहिला आणि पोरगं मागं उभं! फॉर्मचा भाग एक झाला, भाग दोनमध्ये कॉलेजांचे पसंतीक्रम पण त्यालाच विचारून, आणि अकरावीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथंच ॲडमिशन घ्यावी लागते, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, हे त्या पोराला कोणी सांगतच नाही. वरून मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा टाकलेला असला की पुढं पासवर्ड विसरला तर ओटीपी त्याच्याकडे, आणि दुकान बंद.

मोबाइलवर भरा, हळू भरा, एक बोटानं टाइप होत असेल तरी चालते. नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच, त्यात आडनाव आधी असते आणि आधारवर शेवटी, तिथं पोरं गोंधळतात. नंबर घरातलाच द्या. पसंतीक्रम आधी कागदावर लिहून घरी दोन दिवस ठेवा, बसचा रूट बघा, हिंगण्यावरून रोज सिव्हिल लाइन्सला जमेल का ते बघा, मग टाइप करा. सबमिट करायच्या आधी प्रिंट काढून आईला मोठ्यानं वाचून दाखवा, स्पेलिंगची चूक अशीच सापडते.

कोणाला मदत लागली तर खाली लिहा, रविवारी मी घरी असतो, कीबोर्ड मात्र तुमच्याच हातात राहील.