जेवून जावा

शनिवार, रात्रीचे पावणेबारा

आत्ताच घरी आलो, ओले कपडे दोरीवर टाकले आणि झोप येईना म्हणून लिहायला बसलोय. सकाळपासून धरलेला पाऊस अजून सुटलेला नाही. राजाराम बंधारा कधीच पाण्याखाली गेलाय, नदीकाठची माणसं सामान वर चढवायला लागलीत. आणि नेमकी आजच आमच्या लॉजची मीटिंग.

लॉज म्हणजे फ्रीमेसन लोकांचा लॉज. मेसन म्हणजे गवंडी; गवंड्यांची हत्यारं खूण म्हणून वापरणारी ही जुनी बंधुभावाची संघटना, आणि तिची शाखा म्हणजे लॉज. आपल्याकडं लॉज म्हटलं की स्टँडजवळच्या राहायच्या खोल्याच डोळ्यासमोर येतात, त्यामुळं प्रत्येक वेळी सांगावं लागतं. पूर्वी उत्तरेकडं मेसॉनिक हॉलला लोक जादूघर म्हणायचे, बंद दारामागं काय चालतं कुणाला माहीत नसायचं म्हणून. आतल्या विधीचं मी इथंही लिहिणार नाही, शब्द दिलाय. पण जेवणाचं लिहायला काहीच हरकत नाही आणि आज मला जेवणाचंच लिहायचंय.

यंदा माझ्याकडं स्टुअर्डचं काम आहे. म्हणजे मीटिंगनंतरची पंगत माझ्या अंगावर. स्टुअर्डच्या बिल्ल्यावर कंपासचे दोन पाय असतात आणि मध्ये फळाफुलांनी भरून वाहणारं शिंग. तो गळ्यात पडला त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला दाखवला, ती म्हणाली अन्नपूर्णेचंच काम दिलंय की तुम्हाला. तिचं वाक्य मनात बसलंय.

तर आजचा हिशोब असा. आखाड संपत आला, पुढच्या मीटिंगला श्रावण असणार, म्हणून आज मटण ठेवलं होतं. आचारी चाळीस ताटांच्या खाली येतच नाही, ताटाला ३५० रुपये. पावसापाण्याचं बत्तीस जण आले, मला खरंच बरं वाटलं. आणि जेवायला राहिले एकोणीस.

एकोणीस! बाकीच्यांनी मीटिंगला बांधायचा एप्रन घडी करून बॅगेत घातला आणि निघाले. कुणाला पहाटे पुण्याला जायचंय, कुणाच्या घरी पाहुणे, कुणाच्या रस्त्यावर पाणी येईल म्हणून घाई. पाण्याचं कारण मला मान्य आहे, त्यात काही बोलायचं नाही. पण एक जण जाताजाता म्हणाला, जेवणाचं काय एवढं, मीटिंग महत्त्वाची, ती झाली. ते मात्र लागलं मला. तो वाईट माणूस नाही, उलट सगळ्यात नियमित आहे, एकही मीटिंग चुकवत नाही. पण त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे की जेवण हे मीटिंगला मागून जोडलेलं शेपूट नाही.

आमच्या संघटनेची सुरुवातच खाण्यापिण्याच्या टेबलावरची आहे. २४ जून १७१७ ला लंडनमध्ये सेंट पॉलच्या आवारातल्या एका पबमध्ये चार लॉज एकत्र आले आणि पहिला ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांवरची मुख्य संस्था, झाला असं परंपरेनं धरतात. पबचं नाव गूज अँड ग्रिडायर्न. त्या लॉजना स्वतःची नावंसुद्धा नव्हती, जो लॉज ज्या पबमध्ये बसायचा त्या पबच्या नावानं ओळखला जायचा. त्या दिवशीही जेवण झालं आणि अँथनी सेयर नावाच्या माणसाला पहिला ग्रँड मास्टर निवडलं. पुढं आपल्या देशाचा स्वतंत्र ग्रँड लॉज झाला तो २४ नोव्हेंबर १९६१ ला. आणि अजूनही सगळ्यांना कामावरून उठवून विश्रांतीला, खाण्यापिण्याला बोलवायचं काम एका अधिकाऱ्याकडं असतं, ज्युनियर वॉर्डनकडं. त्याच्या बिल्ल्यावर ओळंबा असतो.

ओळंबा म्हटलं की मला आजोबा आठवतात. ते गवंडी होते, खरे, दगडाचे. मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या प्रमुखाच्या बिल्ल्यावर असतो तो काटकोन बघायचा गुण्या आणि वॉर्डनचा ओळंबा हे दोन्ही आमच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेलेत, गुण्याचं लोखंड गंजलंय पण कोपरा अजून चोख आहे. लॉजमध्ये पहिल्यांदा ही हत्यारं बघितली तेव्हा सगळे काहीतरी गूढ बघितल्यासारखे बसले होते आणि मला मात्र घरी आल्यासारखं झालं होतं.

असो. जेवणाकडं येतो.

आपल्या देशात एकत्र जेवणं ही सोपी गोष्ट कधीच नव्हती. इंग्रज लेखक किपलिंग १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये मेसन झाला, त्या लॉजवर त्यानं कविता केली आहे. हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू, सगळे आत बरोबरीनं बसायचे, पण मेजवानी ठेवायची नाही, का तर एखाद्या भावाची जात मोडेल. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो. आत सगळे समान, आणि ताट आलं की वेगळे. आणि आपण राहतो ते गाव कुठलं, तर कोल्हापूर. गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं, अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून कोण तिकडं फिरकेना, तर शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. ज्या गावात राजानं चहाच्या कपातून एवढं करून दाखवलं तिथं आपण हातातलं ताट सोडून घरी पळायचं? मला नाही पटत.

आज राहिले त्या एकोणीस जणांची पंगत मात्र काय सुंदर झाली. लांब टेबलं जोडून यू आकार केला होता. सगळ्यात टोकाला आज नव्यानं आत आलेला पोरगा, तिशीचा असेल, ऑडिटचं काम करतो. बिचारा पार अवघडून बसलेला, कुणाशी काय बोलावं कळेना. त्याच्या शेजारी आमचे सर, वय वर्षं चौऱ्याऐंशी, कॉलेजात गणित शिकवायचे. पांढरा रस्सा आला तेव्हा वाढप्याच्या हातातलं पातेलं सरांनी घेतलं. हात थरथरतो त्यांचा. डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी पळी बुडवली, तळाशी फिरवली, कारण खसखस-काजूचं वाटण आणि खोबऱ्याचं दूध तळाशी दाट बसतं आणि वरनं घेतलं तर नुसतं पाणी येतं, आणि एक थेंब न सांडता त्या पोराची वाटी भरली. वर एक मिरा आणि तमालपत्राचा तुकडा तरंगत होता, तो पळीच्या कडेनं बाजूला केला. म्हणाले, "हे आधी नुसतं पी भावा, भाकरीला तांबडा घे."

आत सगळे एकमेकांना ब्रदर म्हणतात. सर जेवताना भावा म्हणतात. पोराचा चेहरा तिथं सुटला. पुढं पाऊण तास तो सरांना शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध पाटाकडील तालमीची कुठलीतरी जुनी फुटबॉल मॅच विचारत होता आणि सर हातवारे करून गोल कसा गेला ते दाखवत होते, मिठाची वाटी म्हणजे गोलकीपर.

आमच्या टेबलावर राजकारण आणि धर्म हे दोन विषय काढायचे नाहीत, जुना दंडक आहे. सुरुवातीला मला वाटायचं कोल्हापूरच्या माणसांना राजकारण बंद केलं तर बोलणार काय? पण ते बंद झालं की माणूस स्वतःबद्दल बोलतो. शिरोलीत माझं छोटं मशीन शॉप आहे, दिवसभर फोनवर पेमेंट आणि रिजेक्शन ह्याशिवाय तोंडात दुसरा शब्द नसतो, आणि इथं माझ्या एका बाजूला बँकेतून रिटायर झालेले साहेब असतात, दुसऱ्या बाजूला एसटीत मेकॅनिक होते ते काका. साहेबांनी आज मला त्यांच्या मिसेसच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सगळं सांगितलं. बँकेत होते तेव्हा मी त्यांच्या केबिनबाहेर तासतासभर बसलोय, त्यांनी मान वर करून बघितलं नव्हतं. आज भाकरीचा चतकोर त्यांनी माझ्या ताटात ठेवला, माझ्याच्यानं सरत नाही म्हणाले, घे. हे आत, विधीच्या वेळी होत नाही. तिथं प्रत्येकाची जागा ठरलेली असते, बोलायचे शब्द ठरलेले असतात. ते गंभीर असतं, मला आवडतं. पण ओळख होते ती ताटावरच.

(बायका मात्र वर्षातनं एकदाच, लेडीज नाईटला. बायको मागं विचारत होती की पंगतीला तरी दर वेळी का बोलवत नाही. मला उत्तर देता आलं नाही. मी हा विषय कमिटीत काढणार आहे.)

नऊ वाजता नेहमीचा टोस्ट झाला, म्हणजे गैरहजर भावांच्या नावानं पेले उचलायचे. नऊलाच का, तर तेव्हा घड्याळाचे काटे काटकोनात येतात. आजोबांच्या भाषेत काटे गुण्यात येतात. सगळे उठले, कुणाच्या हातात व्हिस्की, कुणाच्या हातात कोकम सरबत, आणि जाड बुडाचे ते छोटे ग्लास एकदम टेबलावर आपटले. एकोणीस जणांचा आवाज बत्तीस जणांसारखा येत नाही.

तेव्हाच ठरवलं. गैरहजरांमध्ये मंगळवार पेठेतले आमचे गुरुजी होते, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले, एकटे राहतात, गेल्या महिन्यात पाय घसरून पडले तेव्हापासून जिना उतरत नाहीत. एकवीस ताटं शिल्लक. आचाऱ्याला म्हटलं चार पुड्यांचा डबा भर. बाकीचं हॉलच्या वॉचमनच्या घरी, आणि काकांच्या ओळखीनं नदीकाठच्या दोन कुटुंबांना, जी आज सामान हलवून पाहुण्यांकडं आलीत. काका स्वतः रिक्षा करून गेले. नव्या पोराला विचारलं येतोस का माझ्याबरोबर, तर तो गाडीत बसलासुद्धा.

शेवटचा टोस्ट टायलरचा असतो, दाराबाहेर राखण करणाऱ्याचा. जगात जिथं कुठं जमिनीवर, पाण्यावर कुणी भाऊ अडचणीत असेल त्याची लवकर सुटका होवो, असा त्याचा अर्थ. पाण्यावर ह्या शब्दाला आज सरांनी डोळे मिटले.

गुरुजींनी दार उघडायलाच पाच मिनिटं घेतली. आम्ही वाढतो म्हटलं तर ऐकेनात, वॉकर सोडून भिंतीला धरून स्वतः ताट घेतलं, आणि आम्हाला समोर बसवलं. जेवताना एक शब्द बोलले नाहीत. दोन वाट्या पांढरा प्यायले. मग पोराकडं बघून त्याचं गाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. मग मला म्हणाले, भाकरी वातड झाल्यात, थापल्यात पण भाजताना घाई केली आहे, त्या बाईला सांग. सांगणार आहे. आणि पुढच्या मीटिंगला श्रावण आहे तर अळूची भाजी आणि पुरणपोळी ठेव, कटाची आमटी पातळ कर, म्हणजे माणसं वाटीवर वाटी मागत बसतात, लवकर उठत नाहीत. हे मी लिहून ठेवलंय. आणि निघून जाणाऱ्या तेरा जणांना एकेकाला फोन करणार आहे, मीटिंगचा नाही, जेवणाचा. पाच दिवस आधी.

निघताना डबा मागितला तर म्हणाले थांब. ओट्याशी उभं राहून त्यांनी चारही पुडे विसळले, पंचानं पुसले. आम्ही दोघं दारात उभे. रिकामा डबा द्यायचा नसतो म्हणून फडताळातनं गुळाचा खडा काढला, अडकित्त्यानं फोडला आणि वरच्या पुड्यात टाकला.

डबा आमच्या ओट्यावर आहे. पावसानं गूळ थोडा पाझरलाय.