एकलहऱ्याच्या चिमण्या

मनमाडकडे जाणाऱ्या गाडीने नाशिकरोड सोडलं की एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. आजवर त्या खिडकीतूनच पाहिल्या होत्या. या वेळी मुद्दाम तिथे गेले. मी लालबागची. वडील कापडगिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर, होते. कुठेही चिमणी दिसली की तिच्याखालच्या माणसांचं काय झालं, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

पंचवटी, काळाराम, त्र्यंबक एका दिवसात उरकलं. रामकुंडावर एवढी गर्दी की घटकाभर निवांत बसायलाही जागा नव्हती. सिंहस्थाच्या आधीच ही गत.

नाशिकरोडहून रिक्षाने एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत उतरले. काही इमारतींच्या खिडक्या उचकटलेल्या, गॅलरीत पिंपळ उगवलेला. शेजारच्याच इमारतीत मात्र दोरीवर साड्या वाळत होत्या, कठड्यावर तुळस होती. चहाच्या टपरीवर एक निवृत्त काका भेटले. लालबागची म्हटल्यावर त्यांनी बाकावर जागा करून दिली आणि चहाचे पैसे काही मला देऊ दिले नाहीत.

इथले पहिले दोन वीजनिर्मिती संच १४० मेगावॉटचे, १९७० आणि १९७१ चे. काका त्यांतल्या एका संचाच्या बॉयलरवर होते. २०११ मध्ये दोन्ही संच कायमचे बंद झाले.

"ताई, संच बंद होणं आम्हाला नवं नव्हतं," ते म्हणाले. "देखभालीला बंद व्हायचाच की. या वेळी तो परत पेटवायचा नव्हता, एवढंच. लॉगबुक मी रोजच्यासारखंच भरलं. पुढच्या पाळीच्या माणसासाठी सूचना लिहायला हात गेला, तेव्हा कळलं की पुढची पाळीच नाही."

मला पुढे काही विचारवेना. वडिलांना असा शेवटचा दिवस मिळालाच नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आपण कायमचे बाहेर पडतोय हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल?

काकांच्या वडिलांची शेती या प्रकल्पात गेली. त्या बदल्यात, प्रकल्पग्रस्त म्हणून, काकांना नोकरी मिळाली. त्यांचा मुलगा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. जमीन एकदाच गेली, नोकरीही एकाच पिढीला पुरली. काकांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र राग आला, आणि अजून आहे.

२१० मेगावॉटचे तीन संच अजून आहेत. पण कोळशाच्या खाणी लांब विदर्भात. रेल्वेने कोळसा इथवर आणायचा म्हणजे वाहतुकीचा खर्च विजेच्या दरावर चढतो. आणि नियम असा की स्वस्त वीज आधी घ्यायची. मागणी घटली की महागडा संच आधी थांबवायचा. जुन्या संचांच्या जागी ६६० मेगावॉटचा नवा संच येणार, हे इथली माणसं वर्षानुवर्षं ऐकत आली आहेत.

"नाहीच आला, तर या जागेचं काय व्हावं?" मी विचारलं. "काहीही होऊ दे, पण आत जाताना हातात डबा पाहिजे," काका म्हणाले.

आमच्या गिरण्यांचं नेमकं हेच झालं नाही. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची उरली. फिनिक्स मिलची चिमणी अजून उभी आहे, खाली मॉल आहे. लोक त्याला कायापालट म्हणतात. माझे वडील त्या रस्त्याने जायचं टाळत.

नाशिककडे अजून वेळ आहे, असं मला मनापासून वाटतं. नाशिकरोडचा सरकारी छापखाना १९२५ पासून चालू आहे. ओझरला मिग लढाऊ विमानांसाठी १९६४ मध्ये कारखाना निघाला. मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं आणि लगेच १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क १ए तिथूनच उडालं. विमान बदललं, पण काम गावातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी भांडी बाजारात गेले. स्टीलने तांब्या-पितळेचा धंदा बसायला आणला, तो आता पाण्याच्या तांब्याच्या बाटल्या आणि पिंपांमुळे जरा सावरतंय. पण यंत्रावरची भांडी खपली म्हणून मठार देणारे, म्हणजे हातोडीने ठोकून भांडं घडवणारे हात टिकत नाहीत. मी हाताने मठारलेला एक गडवा घेतला. घासाघीस केली नाही; कुणी करूही नये. बाजारामागच्या गल्ल्यांतले वाडे मात्र टेकूंवर उभे आहेत. पावसाळा आला की धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, भाडेकरू आणि मालक कोर्टात, आणि मधल्या मधे नक्षीदार खांब कुजतात.

एकलहऱ्याला रेल्वेची साइडिंग आहे, पाणी आहे, वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्या आहेत, बॉयलर-टर्बाइन कळणारी माणसं आहेत. नवा संच आणा, नाहीतर बॅटरी, ट्रान्सफॉर्मर, काय हवं ते बनवा. पण भरती आसपासच्या सामनगाव, हिंगणवेढे, एकलहऱ्याच्या मुलामुलींची करा, आणि कंत्राटावर नको, कायम करा.