रत्नागिरीत उतरलो

मांडव्याहून कोचीपर्यंत शिडाच्या बोटीनं जायचं, हा बेत आम्हा तिघांमध्ये कैक वर्षं नुसता तोंडी चालू होता. बोट मित्राची, चौतीस फुटी. तो बोटीचा मालक, म्हणून तोच कप्तान. दुसरा मित्र इंजिन सांभाळणारा, आणि मी रात्रीची पाळी, नकाशे आणि स्वयंपाक. या किनाऱ्यावर दक्षिणेकडे जायला डिसेंबर-जानेवारीसारखे दिवस नाहीत. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे घोकलेले असतात, ते इथं रोज वेळापत्रकानं येतात. पहाटे जमिनीवरून मतलई, दहा-अकराला वारं पडतं, तास-दोन तास शीड नुसतं फडफडतं, आणि दुपारी वायव्येचा खारा वारा भरला की मागून ढकलत संध्याकाळपर्यंत पुढच्या खाडीत नेऊन सोडतो. जंजिरा, दाभोळ, जयगड असं आम्ही आरामात उतरत आलो होतो.

या बोटीला नांगर ओढायचं विंडलास नाही. नांगर, साखळी, सगळं हातानं. जयगडच्या खाडीत गाळ चांगला आहे, म्हणजे नांगर पकडतो चांगला आणि सुटतो वाईट. उजव्या जांघेत ओढल्यासारखं मला दाभोळपासूनच होत होतं, पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बोटीवर कुठं ना कुठं ओढल्यासारखं होतंच. जयगडला नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, वाकून साखळी खेचताना मात्र तिथं चरचरलं. नंतर खाली केबिनमध्ये कपडे बदलताना पाहिलं, तर लिंबाएवढा फुगवटा. आडवा झालो की गायब, उभा राहून खोकलो की हजर. हे काय असतं ते मला माहीत होतं, कारण आमच्या मेव्हण्याचं याच गोष्टीचं ऑपरेशन झालं होतं आणि त्याचं साग्रसंगीत वर्णन घरातल्या प्रत्येक समारंभात ऐकून झालं होतं.

हर्निया ही पुरुषांमध्ये इतकी सर्रास गोष्ट आहे की साधारण चारातल्या एकाला आयुष्यात कधीतरी जांघेतला हर्निया होतो. पोटाच्या भिंतीत तिथं मुळातच एक कमकुवत जागा असते. वजन उचलणं, जुना खोकला, बद्धकोष्ठता, वय, कशानंही ती सैल पडते आणि आतडं किंवा आतली चरबी बाहेर डोकावते. अनेक जण पट्टा लावून वर्षानुवर्षं तसेच फिरतात. त्यामुळे मीही तिघांत एवढंच जाहीर केलं, की आता साखळीला माझा हात नाही.

दुपारी रत्नागिरीच्या अलीकडे फुगवटा आत जाईना. आडवा पडलो, तरी नाही. वर मळमळ. इंजिनवाला म्हणाला, "लागलीय तुला बोट." मला बोट लागत नाही. किनाऱ्याच्या जवळ येऊन रेंज मिळाल्यावर मेव्हण्याच्या सर्जनना फोन लावला.

"दुखतंय किती? उलटी झालीय? गॅस सरतोय? गाठ लाल झालीय, कडक लागतेय?" मी एकेकाचं उत्तर दिलं. उलटी नाही, गॅस सरतोय, लाल नाही. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही आत्ता नेमके कुठं आहात?" मी सांगितलं. पलीकडे क्षणभर काहीच नाही.

"हे बघा, पुण्यात असतात तर म्हणालो असतो, सोमवारी ओपीडीत या. उताणे झोपा, कमरेखाली उशी घ्या, गुडघे वर करा, अंग सैल सोडा आणि हलक्या हातानं बघा जातंय का. जोर लावायचा नाही. गेलं तर छान. पण आज गेलं म्हणून उद्या जाईलच असं नाही. आतडं अडकलं, त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर आपल्या हातात मोजके तास असतात. तेवढ्या वेळात तुम्ही टेबलावर पोचू शकाल अशा जागी राहायचं. समुद्रात तुम्ही तसे नाही. उतरा."

हे मला त्याआधी कोणी असं सांगितलं नव्हतं. गाठ तीच, पण ती कोथरूडला असली तर सवडीचं काम आणि भर समुद्रात असली तर घाई. आजार जांघेत जितका, तितकाच तो ऑपरेशन थिएटरपासूनच्या अंतरात.

मग कुठं उतरायचं यावर आमची चांगलीच वादावादी झाली. कप्तानाला विजयदुर्ग हवं होतं. त्याचं म्हणणं खलाशी म्हणून बरोबरच होतं. वारा मागून, वाघोटन खाडीचा आसरा उत्तम, रात्रभर निवांत झोप. रत्नागिरीत मिरकरवाडा म्हणजे मासेमारी बंदर, ट्रॉलर एकाला एक खेटून उभे, आमच्यासारख्या बोटीला तिथं टेकायला जागा नाही. पण विजयदुर्गला रात्री दोन वाजता काही झालं, तर तिथून सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघंही असतील असं ठिकाण गाठायला अंधारात घाटवळणांचा रस्ता. रत्नागिरी जिल्ह्याचं गाव, सिव्हिल हॉस्पिटल, खासगी सर्जन, रेल्वे, रस्ता, सगळं आहे. खलाशी बंदर निवडतो वाऱ्यावरून, मला ते निवडायचं होतं भूलतज्ज्ञावरून. शेवटी कप्तान म्हणाला, "ठीक आहे, तुझं आतडं, तुझा हट्ट," आणि सुकाणू वळवलं.

मधल्या वेळात उशी घेऊन पडल्यावर गाठ आत गेली. ती जाताना आतून गुडगुड असा आवाज येतो आणि एकदम सुटल्यासारखं वाटतं. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर आम्ही चार्ट टेबलापाशी मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवलेला असतो. तो लावायची वेळ आली नाही, पण मोबाइलमध्ये डायल करून नुसता तयार ठेवला होता. रत्नदुर्गाचं दीपगृह दिसू लागलं तोवर उजेड उतरला होता, आणि याच वेळी या किनाऱ्यावर जाळ्यांचे तरंगते डबे दिसेनासे होतात. कप्तान नाळेवर टॉर्च घेऊन उभा, इंजिनवाला सुकाणूवर, आणि मी, ज्याची खरं तर रात्रीची पाळी, केबिनमध्ये छताकडे बघत.

बंदराबाहेर नांगर टाकला. एका मच्छीमार दादांनी त्यांच्या लहान होडीतून मला धक्क्यावर नेलं. पैसे घेतले नाहीत. उलट होडीतून वर चढताना दोघांनी काखेत हात घालून मला असं उचललं, की माझ्या पोटाला ताण म्हणून आला नाही. निघण्याआधी माझ्याकडची कामं दुसऱ्यांच्या गळ्यात घालायची होती. लॉगबुक, पुढच्या बंदरांवरचे फोन, औषधांची पेटी, कॉन्ट्रीचा हिशेब. भरतीची वेळापत्रकं कप्तानाला दाखवली तेव्हा तो म्हणाला, "मला वाचता येतात." येत होतीच.

त्याच रात्री एका खासगी सर्जननी तपासलं. उभं करून खोकायला लावलं, आडवं करून बोटानं चाचपलं. म्हणाले, उजव्या बाजूचा, आत जाणारा आहे, आजची रात्र इथं काढा, उद्या पुण्याला गेलात तरी चालेल. मी जनशताब्दीचं बघत होतो. त्यांनी थांबवलं. गाडी मुंबईकडे निघाली की लगेच साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा, पुढं बोगदेच बोगदे, मध्ये फोन नाही, आणि गाडी काही तुमच्यासाठी थांबायची नाही. त्यापेक्षा कार करा, आंबा घाटानं कोल्हापूर, मग कराड, सातारा. तिथल्या प्रत्येक गावात हे ऑपरेशन रोज होतं. दुखायला लागलं की जे गाव पुढं असेल तिथं शिरायचं. हा सल्ला मला फार पटला. कोल्हापूरपर्यंतचे 130 किलोमीटर मागच्या सीटवर पाय दुमडून, पोटावर टॉवेल धरून काढले. ड्रायव्हरला आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घाटात तो प्रत्येक वळणावर मागं वळून बघत होता. शेवटी मीच म्हटलं, बाबा, तू पुढं बघ.

बायको फोनवर एवढंच म्हणाली होती, "पॉलिसीचे कागद काढून ठेवते." तिनं ते काढून ठेवले नसते, तर पुढचा भाग जास्त लांबला असता.

हर्नियाला बहुतेक पॉलिसींमध्ये सुरुवातीची दोन वर्षं प्रतीक्षा काळ असतो. आमची पॉलिसी जुनी, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. घोळ निराळाच झाला. पुण्यात दाखल व्हायच्या आधीच्या तपासणीत निवासी डॉक्टरनी विचारलं, केव्हा लक्षात आलं? मी सरळ सांगितलं, बोटीवर नांगर ओढताना. त्यांनी ते तसंच लिहिलं. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा, असं विमा नियामकानं 2024 मध्ये ठरवून दिलं आहे. तासाभरात निर्णय आला नाही, विमा कंपनीची शंका आली. रुग्ण साहसी खेळात भाग घेत होता काय, खुलासा करावा.

मी पॉलिसीची बारीक अक्षरं वाचायला बसलो. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत साहसी खेळ आहेत खरे. राफ्टिंग, मोटर रेसिंग, घोड्यांच्या शर्यती, स्कूबा, खोल समुद्रातलं डायव्हिंग, सगळं आहे. शिडाची बोट नाही. आणि मुख्य म्हणजे तिथं 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतला असेल तर, असं लिहिलेलं आहे. मला या छंदातून आजवर एक रुपया मिळालेला नाही, गेलेले मात्र पुष्कळ आहेत. हॉस्पिटलच्या विमा काउंटरवरच्या ताईंनी शांतपणे सांगितलं, "काका, चिडून लिहू नका. कलमाचा नंबर टाका, 'व्यावसायिक नाही, खासगी प्रवास' एवढंच लिहा, आणि सरांकडून दोन ओळी घ्या, की हर्नियाचं मूळ कारण भिंतीतली कमजोरी आहे." तसं केलं. सर्जननी लेटरहेडवर लिहून सही केली. संध्याकाळी मंजुरी आली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात कसबाचं काम त्या ताईंचं होतं.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं त्या मानानं कमी. दुर्बिणीनं की चिरा देऊन, असे दोन पर्याय होते. दुर्बिणीला पूर्ण भूल लागते, चिरा दिला तर पाठीतली भूल पुरते. एकाच बाजूचा, पहिल्यांदाच झालेला, तेव्हा मी चिरा घेतला. पाठीत सुई देताना मांजरासारखं गोल वाकून बसायला लावतात. मग पायांत ऊब भरते आणि ते पाय आपले राहत नाहीत. मध्ये पडदा. आदल्या दिवशी सर्जननी जाळीचं पाकीट दाखवलं होतं. पॉलिप्रॉपिलीनची, तळहाताएवढी, हलकी, पांढरी. तीच पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या दोऱ्या मच्छीमार वापरतात, कारण ती कुजत नाही आणि पाण्यावर तरंगते. हे मी टेबलावर पडल्या पडल्या पडद्याच्या वरून सांगितलं. पलीकडून आवाज आला, "तरंगायची गरज नाही, तिथंच राहिली तरी पुरे."

त्रास झाला तो नंतर. पाठीतली भूल उतरली तरी लघवी होईना, आणि ती झाल्याशिवाय नर्स सोडेनात. तासन्‌तास नळ सोडून, कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारून अखेर झाली. शिंक येताना पोटावर उशी दाबून धरायची, हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी जांघेपासून खाली सगळं काळंनिळं झालं, ते कोणी सांगितलं नव्हतं. घाबरून फोन केला, तर म्हणाले होतं असं, लंगोट घट्ट बांधा. रात्री इसबगोल, कारण कुंथायचं नाही. बादली उचलायची नाही, नातवंड उचलायचं नाही. सहा आठवडे हलकं काम. विंच, म्हणजे शिडाच्या दोऱ्या ताणायचा रहाट, फिरवणं हलक्यात मोडतं का, असं मी विचारलं. त्यांनी मला विंचचा व्हिडिओ दाखवायला लावला, पूर्ण बघितला, आणि तीन महिने म्हणाले.

दोघं माझ्याशिवाय पुढं गेले. मालवणला त्यांनी कप्तानाच्या ओळखीचा एक तरुण बरोबर घेतला. तो नांगर एका हातानं काढतो, असं मला मुद्दाम कळवण्यात आलं. मी पलंगावर पडून मोबाइलवर त्यांचं लोकेशन बघायचो आणि पणजीला मांडवीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, भरती बघून शिरा, असे मेसेज टाकायचो. उत्तर म्हणून जेवणाचे फोटो यायचे.

परतीचा प्रवास उत्तरेकडे, म्हणजे वायव्येच्या वाऱ्याला तोंड देत. पहाटेच्या मतलईवर जमेल तेवढं पुढं सरकायचं आणि दुपारी इंजिन. पावसाळ्याआधी बोट मांडव्याला बाहेर काढायचीच असते, म्हणून कारवारपासून मी चढावं असा कप्तानाचा आग्रह होता. तीन महिने भरत होते. सर्जन हो म्हणाले. बायकोनं अट घातली, फक्त सुकाणू आणि चहा. कप्तानानं तेवढ्यात विजेवर चालणारं विंडलास मागवलं आणि खर्चाची वाटणी ग्रुपवर टाकली. त्यात माझ्या नावापुढं निम्मी रक्कम होती. तिघांत निम्मी कशी, असं विचारलं, तर म्हणाला, "विंडलास आमचं, हर्निया तुझा." यावर वाद अजून चालू आहे.