नॉलेज बेसचा मुख्य विषय ओळखणे: केळीच्या फायलींवरची प्रगती

खुल्या परवान्याच्या ऑन्टॉलॉजी, म्हणजे एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांचे संबंध मांडणाऱ्या नॉलेज बेसच्या फायली, बऱ्याच जमल्यात. त्यातली कोणती रावेर-यावलच्या केळीच्या कामासाठी उचलायची, हे आता ठरवायचंय. फायलीच्या नावावर माझा विश्वास नाही. ‘शेती’ नावाखाली काहीही निघतं. विषय मजकुरातूनच निघायला हवा.

फायलीतल्या प्रत्येक क्लासला (संकल्पनेला) विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यावरची नोंद जोडतो आणि ‘उपवर्ग’ (पी२७९) या गुणधर्माने वर चढतो. केळी, कापूस, हरभरा पिकापाशी एकत्र येतात. पण चढतच राहिलं तर सगळंच एकत्र येतं: अगदी वर ‘एंटिटी’ (कोणतीही गोष्ट) आहे, तिच्याखाली केळीही आणि बँकही. म्हणून जास्तीत जास्त क्लास पोटात घेणारा, तरी सर्वांत खालचा नोड (या उतरंडीतली नोंद) शोधायचा. व्यक्ती, तारीख, ठिकाण, एकक आधीच गाळायचे, ते जवळपास सगळीकडे असतात. विकिपीडियाचे वर्ग वापरणाऱ्यांनी पाहिलेले नोड लक्षात ठेवावेत. त्या रचनेत चक्रं आहेत, नाहीतर प्रोग्राम फिरतच राहतो. शेतीपुरता मला अन्न व कृषी संघटनेचा अ‍ॅग्रोव्हॉक हा शेतीविषयक शब्दसंग्रह जास्त आवडला.

एवढ्याने भागत नाही. दोन फायलींचं उत्तर एकच आलं: केळी. एकीत करपा, सीएमव्ही (केळीवरचा विषाणूजन्य रोग), मावा; दुसरीत आवक, प्रत, भाव. रावेरचे मामा शेजारी बसले होते. म्हणाले, “भाऊ, मले रोगाचं पाहिजे. भाव तर मोबाइलवर येतो.” तेव्हापासून क्लास आणि त्यांना जोडणारे संबंध वेगळे मोजतोय. ‘लक्षण’, ‘वाहक’, ‘उपाय’ असे संबंध असले तर फाइल रोगाची. ‘दर’, ‘बाजार’ असले तर व्यापाराची. क्लासवरून फाइल कशाबद्दल आहे ते कळतं, पण ती कशासाठी बनवली हे संबंधच सांगतात. पुनर्वापराला मला हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

स्थानिक नावांचं काम चालू आहे. अर्धवट जुळणी चालू ठेवली की कांदेबाग सरळ कांद्याखाली जातो, आणि तो तर आपल्याकडचा सप्टेंबर-ऑक्टोबरचा केळी लागवडीचा हंगाम! त्यामुळे पूर्ण नाव जुळलं तरच नोंद जोडायची, नाहीतर शेजारच्या क्लासवरून ठरवायचं. मृगबाग या केळी लागवडीच्या दुसऱ्या हंगामाला हा नियम लागू पडला.

पुढे कापूस घेतोय. धुळे-नंदुरबारकडच्या कुणाकडे कापसाच्या खुल्या फायली असतील तर सांगा, याच पद्धतीने लावून बघू.